पुलाच्या पुस्तिकेतलं एक वाक्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतानासुद्धा आधी पुलाबद्दलच बोलावंसं वाटतंय — तेवढाच थोडा वेळ मिळेल.

ऑकलंडच्या उत्तरेला एका नदीवर छोटासा रेल्वेपूल होता. एका काठाला लाकडाची गिरणी, दुसऱ्या काठाला चुन्याचा कारखाना. पूल दोघांनाही हवा, एकट्याला झेपेना, म्हणून निम्म्या-निम्म्या भागीदारीत त्यांनी एक कंपनी काढली. कंपनीच्या मालकीचं काय, तर तो एक पूल. २०१४ मध्ये ती बंद करायचं ठरलं आणि तिच्या इतिहासाची पुस्तिका करायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. मी पुण्याहून ऑकलंडच्या न्यू लिन या उपनगरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. हौसेनं हात वर केला. इंग्रजी चांगलं आहे आपलं, असं वाटायचं ना.

रे नावाच्या माणसानं चाळीस वर्षं त्या पुलाची देखभाल केली होती. आता ऐंशीच्या पुढचा. त्याचा धाकटा भाऊ जिमही तिथेच कामाला — आणि त्याच पुलावरून पडून वारलेला. पुस्तिकेसाठी मी त्याला भेटले, तेव्हा रे तीन तास बोलला. मी रेकॉर्डिंग सुरू ठेवून मान डोलावत होते. खरं सांगू? निम्मं कळत नव्हतं. तो शब्दांचे शेवट गिळायचा. जिम त्या दिवशी प्यायलेला होता, की नव्हता? इंग्रजीत फरक शेवटच्या एवढ्याशा अक्षराचा — 'वॉज' की 'वॉजंट'. पुन्हा विचारायला काय झालं होतं? पण मग मला कळत नाहीये, हे त्याला कळलं असतं.

'जिम त्या दिवशी प्यायलेला होता' — रेच्या नावावर छापून आलं.

छापील पुस्तिका हातात आली आणि मी ते वाक्य पुन्हा वाचलं. तेव्हा कुठे मी रेकॉर्डिंग ऐकलं. दोनदा. "कंपनीनं तसं लिहून ठेवलं. पण तो प्यायलेला नव्हता."

दुसऱ्याच दिवशी रेचा फोन आला. रागावलेला नव्हता. हळूच म्हणाला, "मी असं म्हणालो होतो का?"

मी म्हटलं, "हो. म्हणाला होतात."

तो म्हणाला, "असेन म्हणालो. हल्ली डोकं नीट चालत नाही."

माझा व्हिसा त्या नोकरीवर होता — पण ते नको पुढे करायला. त्या क्षणी माझ्यासमोर ऑफिस नव्हतं, रे होता.

पुढची चार वर्षं अनोळखी नंबर दिसला की मी फोन उचलायचे नाही. मग रे गेल्याचं कळलं. मी अंत्यविधीला गेले. का गेले? अजून सांगता येत नाही. तिथे जिमची मुलगी शेरन भेटली. रेनं तिची माफी मागितली होती — एकदा नाही, दर भेटीत. "शेवटपर्यंत विचारायचा," ती म्हणाली, "जिमबद्दल मी असं कसं बोललो?"

सांगायची वेळ तीच होती. आजूबाजूला कुणी नव्हतं.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "वय झालं की होतं असं."

तिला ते पटलं.