बुक पोस्टाने आलेलं आमंत्रण

एका उघड्या लिफाफ्यापायी माझा काका माझ्या लग्नाला आला नाही.

आज पहाटे तो वारला. तेरेखोलला, आपल्याच घरात.

नव्या पोरांना बुक पोस्ट म्हणजे काय ते ठाऊक नसेल. टपालाचा स्वस्त दर. लिफाफ्याचं तोंड चिकटवायचं नाही, नुसतं आत खोचायचं. आत फक्त छापील कागद, हाताने लिहिलेली चिठ्ठी चालत नसे. कोपऱ्यात ‘बुक पोस्ट’ लिहिलं की झालं.

लग्नपत्रिका अशाच जायच्या. पण लांबच्यांना हं! घरच्यांकडे नारळ-अक्षता घेऊन स्वतः जायचं.

मला मामा नाही. बोहल्यावर काकाच नेणार, हे मी फ्रॉकात होते तेव्हापासून ठरलेलं.

आणि नेमके गोव्यातल्या भाषेच्या आंदोलनाचे, कोकणी की मराठी या वादाचे दिवस. आज इथे बंद, उद्या तिथे. रस्त्यात झाडं आडवी.

बाबांना वाटलं, निदान तारीख तरी कळू दे त्याला, रीतसर आमंत्रण मागाहून करतो. काकाची पत्रिका त्यांनी लांबच्यांच्या गठ्ठ्यात घातली.

रस्ता जरा उघडला, टपाल पोचलं, आणि पुन्हा बंद. बाबा पोचले त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

तोवर व्हायचं ते झालं होतं. पोस्टमनने लिफाफा काकाला दुकानात, चारचौघांत दिला. तोंड उघडंच, एकाने पत्रिका काढून मोठ्याने वाचलीसुद्धा.

“सख्ख्या भावान बुक पोस्टान धाडल्यान रे!” म्हणून सगळे हसले.

बाबा नारळ घेऊन गेले, तर काका सोप्यावरून उठलाही नाही.

“घरच्या चेडवाचां लगीन, आणि माका बुक पोस्ट? मी काय पुण्याचो पावणो?”

“अरे, वाट बंद होती!”

“मगे टपाल कसां इलां?”

बाबांनी नारळ पायरीवर ठेवला आणि फिरले.

मला बोहल्यावर शेजारच्या आण्णांनी नेलं. भला माणूस. पण मी सारखी मांडवाच्या दाराकडे बघत होते.

पुढे वर्षानुवर्षं तेच. आधी त्याने यावं. आधी त्याने बोलवावं. दोघांच्या मध्ये पडून पडून मी दमले. खरं सांगते, वीट आला मला या मानापानाचा.

बाबा गेले तेव्हा काकाला कळवायची आमची कुणाची हिंमत झाली नाही.

दुपारी बघते तर काका अंगणात उभा. कुठून कळलं, कोण जाणे.

मी म्हटलं, “काका, तुला सांगायला पाहिजे होतं रे...”

“मर्तिकाचां आमंत्रण कोण करता गो?” म्हणाला, आणि बाबांच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला.

मग पुढे दर गणेश चतुर्थीला माझ्याकडे यायचा. न बोलावता. जेवून, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवून जायचा.

आज त्याच्या मुलाचा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला. फोटो, खाली दोन ओळी. सगळ्यांना तोच, मलाही तोच. फोन नाही की काही नाही.

क्षणभर लागलं मनाला. खोटं कशाला बोलू? शेवटी मीही याच घरातली.

मग त्याचं ते अंगणातलं बोलणं आठवलं आणि चपला घातल्या.

केरीच्या धक्क्यावरून तेरेखोलची फेरीबोट सुटलीय. बोटीतच बसून लिहितेय.

काका, माझ्या लग्नाला आला नाहीस, त्याचा राग अजून आहे हं.

बोहल्यापर्यंत मला न्यायचं तुझं राहूनच गेलं. आज अंगणाबाहेरपर्यंत मी येते तुझ्यासोबत.

मी पोचेपर्यंत उचलू नका म्हणावं त्यांना.