एका रात्रीत उभं राहिलेलं घर

वेल्सला जायचा हुकूम आला तेव्हा आमची बटालियन राजस्थानात होती. संयुक्त सरावासाठी आठ जणांची एक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, पाठवायची होती. कमांडर म्हणून पुण्याकडचे एक कॅप्टन साहेब. वयानं माझ्याहून बरेच लहान, पण डोक्यानं शांत. मी हवालदार, त्यांचा सेकंड-इन-कमांड. माढा तालुक्यातला, उसाच्या पट्ट्यातला माणूस. थंडी म्हणजे काय ते सैन्यातच शिकलो.

बाकीच्यांत दोघं सोलापूर जिल्ह्याचे. सलीम हा शहरातला, नर्सिंग असिस्टंट. आणि नाईक बिरू. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं त्याचं गाव. घरी मेंढरं. उन्हाळ्यात बाप, त्याचा आप्पा, कळप घेऊन पाण्याच्या मागं जायचा, आणि बिरू शाळा सोडून त्याच्या मागं. कानडी यायची, मराठी यायची, आणि धनगरी ओव्या यायच्या. बराकीत सगळे थकून पडले की कुणीतरी म्हणायचं, "बिरू, लाव की एक." तो लावायचा.

वेल्स हा इंग्लंडला पश्चिमेकडून चिकटलेला डोंगराळ मुलूख. आम्ही गेलो तो ऑक्टोबर होता. रोज तेच. पहाटे उठायचं, पाठीवर बोजा घेऊन डोंगर चढायचे, नकाशा वाचायचा, हत्यारं साफ करायची. पाऊस पडत नव्हता असा दिवस आठवत नाही. पाऊस म्हणजे आपल्यासारखा कोसळून मोकळा होणारा नव्हे. दिवसभर अंगाला चिकटून राहणारा.

मुख्य सरावाच्या आदल्या दिवशी आम्हाला मार्गातल्या एका शेतकरी बाईला भेटायला सांगितलं. तिच्या कुरणातून आम्ही जाणार होतो. साहेबांनी मला आणि बिरूला बरोबर घेतलं. बाईचं नाव मेगन. सत्तरी ओलांडलेली, पायात रबरी बूट, मागं काळंपांढरं कुत्रं. घरात एकटी राहायची.

बिरूनं परवानगीबिरवानगी ऐकलीच नाही. तो सरळ वाड्यातल्या मेंढरांकडे गेला. एकीचा जबडा उघडून दात बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि मला हाक मारली.

"दादा, हिला सांगा की, ही म्हातारी झालीया. ह्या हिवाळ्यात न्हाय टिकायची."

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. मेगन हसली. म्हणाली, मलाही ठाऊक आहे, पण विकवत नाही. मग तिनं आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन चहा दिला.

तिथं ती बोलत बसली. आजीकडून ऐकलेलं, आजीनं तिच्या आजीकडून ऐकलेलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या डोंगरातल्या जगण्याबद्दल. साहेब आम्हाला मराठीत सांगत होते. उन्हाळ्यात माणसं गुरंमेंढरं घेऊन वर डोंगरावरच्या घरात राहायची, हिवाळ्याला खालच्या घरात उतरायची. चुलीत दलदलीतून कापून वाळवलेली माती जळायची. बायका आणि पुरुषही चालता चालता लोकरीचे पायमोजे विणायचे, कारण शेतीत भागत नव्हतं. गुरांचे व्यापारी कळप हाकत चालत इंग्लंडच्या बाजारापर्यंत जायचे. बैलांना नाल ठोकायचे. मोठी बदकं चालवत न्यायची तर त्यांचे पाय आधी डांबरात आणि मग वाळूत बुडवायचे.

"बदकाला डांबराचं पायताण?" बिरू मोठ्यानं हसला. "दादा, आप्पाला सांगितलं तर खरं वाटायचं न्हाय."

मेगनला भाषांतराची गरज पडली नाही. तीही हसत होती.

तिनं शाळेचंही सांगितलं. मास्तर गावोगाव फिरायचा. हिवाळ्यात दोनतीन महिने एका गावात राहायचा आणि पोरांच्या शेजारी बसवून म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही वाचायला शिकवायचा. त्यांच्याच भाषेत, वेल्शमध्ये. प्रार्थना, गाणी, भांडणं सगळी वेल्शमध्ये. कचेरी आणि कोर्ट मात्र इंग्रजीत. तिथं काय चाललंय ते उभ्या असलेल्या माणसाला कळायचं नाही.

मग तिनं खिडकीतून वरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. तिथं तिच्या पूर्वजांचं घर होतं. त्या काळी लोक असं मानत की गावाच्या सामायिक रानात सूर्य मावळल्यावर बांधायला घेतलेल्या घराच्या धुराड्यातून सूर्य उगवताना धूर निघाला, तर ते घर त्या माणसाचं. मग दारात उभं राहून कुऱ्हाड फेकायची. ती पडेल तिथपर्यंतची जमीनही त्याची. कायद्यात हे नव्हतं, पण लोकांत होतं. तिच्या पूर्वजाचं नवं लग्न झालेलं. शेजाऱ्यांनी आधीच गवताळ मातीचे ठोकळे कापून लपवून ठेवले. एका रात्रीत सगळ्या गावानं मिळून भिंती रचल्या. पुढं मातीच्या जागी दगड लावले. तिथं चार मुलं झाली.

"मग?" साहेबांनी विचारलं.

मग सामायिक रानांना कुंपण घालायचा कायदा आला. जमीनदाराची माणसं आली, हातात इंग्रजी कागद. नवराबायकोला वाचता येत होतं, पण ते वेल्श. बरोबर शिपाई होते. छप्पर खाली ओढेपर्यंत शिपाई रांगेत उभे राहिले.

हे सांगताना तिची नजर आमच्या वर्दीवर होती. मग ती म्हणाली, "तुम्ही नव्हे."

"मंग ती मानसं गेली कुटं?" बिरूनं विचारलं.

काही दक्षिणेला लोखंडाच्या कारखान्यांत गेली, ती म्हणाली. एक भाऊ फौजेत भरती झाला.

निघताना बिरू फाटकाजवळ थांबला. म्हणाला, "आमच्या रानालाबी आता तारा आल्यात, दादा. कळप न्यायला वाट राहिली न्हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही चढायला सुरुवात केली. दुपारपर्यंत सगळं वेळेत होतं. मग ढग खाली उतरला. पुढच्या माणसाची पाठ दिसेना. आम्ही अंतर कमी केलं आणि एका ओढ्याकाठी आलो. पाणी फार नव्हतं, पण काठ पाटीच्या दगडाचा, ओला. बिरू तिसरा होता. त्याचा पाय गेला आणि पाठीवरच्या बोजासकट तो खालच्या खडकांत पडला. उंची दोन माणसांएवढी असेल. आवाज मी ऐकला. तो हाडाचा होता.

आम्ही त्याला पाण्याबाहेर काढलं. उजवी मांडी मधेच वाकलेली. सलीमनं पँट कापली, पाय दुसऱ्या पायाला बांधला, पोटावर हात ठेवून बघितलं. मग मला बाजूला घेतलं.

"उस्ताद, बाहेर रक्त नाही. आत चाललंय. ह्याला ऑपरेशन टेबल पाहिजे."

सरावात खोटे जखमी असतात. म्हणून खऱ्या जखमीचा मेसेज देताना आधी 'नो डफ' हे शब्द म्हणायचे, असं आम्हाला शिकवलं होतं. साहेबांनी वायरलेस सेट घेतला.

"कंट्रोल, धिस इज पेट्रोल थ्री. नो डफ. आय से अगेन, नो डफ. वन कॅज्युअल्टी, सीरियस. रिक्वेस्ट हेलिकॉप्टर. ओव्हर."

"थ्री, कंट्रोल. रॉजर. वेट. आऊट."

आम्ही वाट बघितली. बिरू शुद्धीत होता. दात वाजत होते.

"थ्री, कंट्रोल. हेलिकॉप्टर अनेबल. क्लाऊड ऑन युअर लोकेशन. स्ट्रेचर पार्टी मूव्हिंग ऑन फूट. ओव्हर."

"हाऊ लाँग? ओव्हर."

"सम अवर्स. ओव्हर."

ढगामुळं हेलिकॉप्टर येणार नव्हतं; माणसं चालत येणार, तीही काही तासांनी. साहेबांनी नकाशा बघितला. जवळच दगडी भिंतीची खूण होती. त्याला आडोशाला न्यायचं ठरलं. दोन जवानांना खाली मेगनच्या घरी पाठवलं. आम्ही बाकीच्यांनी बिरूला पाँचोच्या ताडपत्रीत घालून उचललं. प्रत्येक पावलाला तो ओरडत होता. तीन भिंती, छप्पर नाही, एका कोपऱ्यात चुलीचा दगड. कुठं आलोय ते मला कळलं. साहेबांनाही कळलं. मेगननं खिडकीतून दाखवलेलं घर हेच.

होतं नव्हतं ते सगळं त्याच्या अंगावर घातलं. दोघं त्याला चिकटून झोपले. सलीमनं दिलेल्या इंजेक्शननं ओरडणं थांबलं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मी आयुष्यात गोळीबाराखाली राहिलोय. तिथं निदान हाताला काम असतं. इथं मी दर थोड्या वेळानं बाहेर जाऊन वर बघत होतो. वर पांढरं. आत यायचो, सलीमकडे बघायचो. तो मान हलवायचा.

मेगन आमच्या जवानांसोबत आली. ढगातही तिला वाट माहीत होती. पाठीवर कांबळी, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या. तिनं बिरूचा चेहरा बघितला. खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

तोवर बिरूला भ्रम व्हायला लागला होता.

"आप्पा, मेंढरं वड्याच्या वगळीत उतरली. वळवा की."

"मी वळवतो," मी म्हणालो.

"पानी लई हाय तितं."

मेगन त्याच्याशी बोलायला लागली. इंग्रजीत नाही, वेल्शमध्ये. हळू, न थांबता, केसांवरून हात फिरवत. तिचं एक वाक्य संपलं की बिरू म्हणायचा, "व्हय." पुन्हा ती बोलायची. पुन्हा तो, "व्हय." असं बराच वेळ चाललं. मग एका वाक्यानंतर तो काही म्हणाला नाही. ती तरीही बोलत राहिली. सलीमनं मानेवर बोटं ठेवली आणि उचललीच नाहीत.

साहेबांनी सेट घेतला. आवाज स्थिर होता.

"कंट्रोल, थ्री. कॅन्सल हेलिकॉप्टर रिक्वेस्ट. ओव्हर."

स्ट्रेचर पार्टी आली तेव्हा संध्याकाळ होत होती. त्याला आम्हीच उचलून खाली आणलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गाडी यायला वेळ होता, म्हणून गावातल्या चॅपलमध्ये, छोट्या प्रार्थनाघरात ठेवलं. साहेब कागदांसाठी गेले. आम्ही बाकावर बसलो. दार उघडलं आणि गावातली माणसं येऊ लागली. शेतकरी, दुकानवाली, एक ट्रॅक्टर चालवणारा. मेगननं मला सावकाश, सोप्या इंग्रजीत सांगितलं, पूर्वी इथं गेलेल्या माणसाला कधी एकटं ठेवत नसत. शेजारी येऊन बसायचे आणि गायचे. आता ती रीत राहिलेली नाही. पण तिनं फोन केले होते.

ते गायले. पुस्तक नाही, पेटी नाही. बायकांचा आवाज एकीकडून, पुरुषांचा खालून, आणि सगळं मिळून एक. एक शब्द कळत नव्हता. सलीम रडत होता.

गाणं संपल्यावर एका म्हाताऱ्यानं अदबीनं विचारलं, "तुमच्याकडचं काही म्हणायचंय का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. एकानं ओवीची पहिली ओळ धरली आणि अडकला. पुढची कुणालाच येत नव्हती. गाणारा बिरू होता, आम्ही ऐकणारे. आम्ही सगळे उभे राहिलो, टोप्या काढून. ती माणसंही उभी राहिली. तसेच उभे राहिलो, गाडी येईपर्यंत.

त्याला घेऊन मीच आलो. विमानानं पुण्याला, तिथून सोलापूर रस्त्यानं त्याच्या गावी. सलामी झाली. बाप जमिनीकडे बघत उभा होता. त्यानं मला काही विचारलं नाही, आजपर्यंत विचारलेलं नाही.

आता मी रिटायर होऊन सोलापूरजवळ कुंभारीला राहतो. वर्षातून एकदा त्याच्या गावी जातो. हुतात्म्यांच्या फलकावर त्याचं नाव नाही. कुठल्या लढाईत गेला, असं लोक विचारतात. लढाई नव्हती. कळप विकून टाकलाय. आई दारात बसलेली असते. मी शेजारी बसतो.

गेल्या खेपेला तिनं पहिल्यांदाच विचारलं, "शेवटाला त्याच्याशी कुनी बोलत हुतं का?"

"व्हय, मावशी. तिथली एक म्हातारी बाई बोलत होती. मांडीवर डोकं घेऊन."

"काय म्हनत हुती?"

ते मी मेगनला कधी विचारलंच नाही. तेव्हा सुचलं नाही, नंतर राहून गेलं.

"मला नाही कळलं, मावशी. त्यांची भाषा वेगळी."

ती रस्त्याकडे बघू लागली. मग म्हणाली,

"त्याला कळलं आसंल."