लेकीने निवडलेला कॉम्प्युटर

माझा स्वभाव काळजीचा. गाडी वेळेवर आली तर मला वाटतं, ही कालची तर नाही? बायको म्हणते, तुम्हाला काळजी करायला कारण लागत नाही, उलट कारण सापडलं की तुम्ही गांगरता. तिचं म्हणणं खरं असावं. कारण गेल्या हिवाळ्यात खरंखुरं कारण मिळालं, तेव्हा काळजी करायची कशी तेच मला सुचेना.

आमची एकुलती एक मुलगी बंगलोरला नोकरी करते. दिवाळीच्या आधी तिचं साक्षगंध झालं होतं. पुण्याकडे त्याला साखरपुडा म्हणतात. मुलगा तिच्याच शहरात नोकरीला, घरचे लोक बोलायला गोड. इकडे नागपुरात, प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत पेढे वाटून झाले होते. आणि हिवाळा सुरू झाला तसा एका संध्याकाळी तिचा फोन आला की लग्न मोडलं, मीच मोडलं, आणि कारण विचारू नका.

मी विचारलं नाही. पण तिच्या आईला न विचारणं जमत नाही. मी फोनवर बोलत असलो की ती दुसऱ्या बाजूने कान लावून उभी राही.

"जेवली का?"

"हो."

"थंडी आहे का तिकडे?"

"नाही."

इथे बायको मला कोपराने ढोसत असे. "तिले विचारा न, काहून मोडलं म्हणून." ती हे कुजबुजून म्हणे, पण तिची कुजबुज कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला ऐकू जाते, मग बंगलोर काय लांब आहे. पोर म्हणायची, "ठेवते, बाबा." हळूहळू तिने आईचे फोन उचलणं बंद केलं. माझे उचलायची, पण तेही रोज नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. परक्या गावात एका खोलीत एकटी पोर, आणि आपल्याशी जोडणारा तेवढा एक धागा. तो तुटला तर काय, या विचाराने ऑफिसात माझं लक्ष लागेना.

अशात घरचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. थंडीचं विचारून झालं होतं, म्हणून फोनवर मी तेच सांगितलं.

"पंखा फिरतो का आतला?" तिने विचारलं.

कित्येक दिवसांत तिने मला उलट काही विचारलं नव्हतं.  पंखा फिरतो, दिवा लागत नाही, असं सगळं मी तपशिलात सांगितलं, आणि बोलणं संपतंय असं वाटताच घाईने म्हणालो, "नवाच घ्यावा म्हणतो. गेमवाला."

"गेमवाला? तुम्हाला?"

"रिटायरमेंट आली जवळ. वेळ घालवायला काहीतरी पाहिजे न."

ती नाकातून हसल्यासारखी झाली. बजेट विचारलं. मी सांगितलेला आकडा ऐकून तिने मोठा सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "बरं. त्यातच बसवू."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मला पत्त्यांशिवाय एकही खेळ येत नाही.

मग रोज संध्याकाळी एकेक भाग चर्चेला आला. ती सांगायची, मी लिहून घ्यायचो, निम्मं समजायचं नाही. प्रोसेसर म्हणजे मेंदू, हे मला माहीत होतं, आणि मेंदू भारीतला घ्यावा असं मला वाटे. ती म्हणाली, "बाबा, गेमसाठी पैसा ग्राफिक कार्डात टाकायचा. चित्र तेच काढतं. प्रोसेसर मधला घेतला तरी चालतो." मला पटलं. पंगतीत वरण पातळ आणि केळीचं पान मोठं असून काय उपयोग. मी तसं म्हणालो तर ती म्हणाली, "हां, तसंच समजा."

वीज पुरवणाऱ्या डब्यावर मी काटकसर करायला निघालो होतो. तो आत असतो, दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या वस्तूवर खर्च करणं आमच्या घरात बसत नाही. ती रागावली. "तोच जळला तर बाकी सगळं घेऊन जातो." तिच्या रागावण्याने मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा तीच शंका काढली.

रविवारी मी बर्डीला कॉम्प्युटरची दुकानं हिंडायचो. आमच्याकडची रीत अशी की इतवारीच्या बाजारात साधी कढई घ्यायची तरी आख्खी गल्ली भाव विचारत फिरायचं आणि पहिल्या दुकानात परत यायचं. मी कॉम्प्युटरचंही तसंच केलं. दुकानदार आपला जोडून ठेवलेला सेट पुढे करी, "अंकल, ये ले लो, सब चलेगा," आणि मी विचारी, "नागपुरच्या उन्हाळ्यात चलेगा का?" तो हसे. मला हसू येत नव्हतं. इथे मे महिन्यात नळाचं पाणी अंगावर घेववत नाही, तिथे त्या बिचाऱ्या कार्डाचं काय होईल? मी फोटो पाठवी, ती कळवी, हे नको, ते जुनं झालं.

पण एकेक भाग ठरत गेला तशी मला वेगळीच धास्ती वाटू लागली. मदरबोर्ड ठरला, म्हणजे मदरबोर्डवर बोलणं संपलं. रॅम ठरली की रॅमवरचं संपलं. सगळं ठरलं की मग काय? पुन्हा "जेवली का?" म्हणून मी ठरलेलं मोडायला लागलो. दुसऱ्या कंपनीचं पाहू, थोडं थांबू, भाव उतरतील. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच घ्यायचा आहे न?" मला घाम फुटला. भर थंडीत.

आणि मग आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. रॅम एक घ्यावी की दोन, असं आमचं रंगात आलं असताना बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "तुले आमचं काही वाटते का वं? लोक विचारून राहिले. काय सांगू मी?"  पलीकडून फोन बंद झाला. मी बायकोवर नको तितका ओरडलो, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिली. तिचंही खरं होतं. पोर तिचीही होतीच.

त्यानंतर मुलगी माझाही फोन उचलेनाशी झाली. मी रोज करी, रोज वाजून बंद होई. ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. शेवटी हातपाय गाळून बर्डीच्या पहिल्याच दुकानात परत गेलो, दोन खोक्यांचे फोटो काढले, म्हणजे सगळे भाग ज्यात बसवतात त्या कॅबिनेटचे. एक पुढून काचेचं, चकचकीत. दुसरं पुढून जाळीचं, दिसायला किराणा दुकानातल्या पंख्यासारखं. फोटोखाली लिहिलं, "कोणतं?" आणि दुकानाबाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभा राहिलो. दोन वेळा रस प्यालो. रसवाला माझ्याकडे संशयाने बघायला लागला तेव्हा उत्तर आलं.

"जाळीचं घ्या. काचेचं आपल्याकडे तापेल."

आपल्याकडे. तिने 'तिकडे' असं लिहिलं नव्हतं. मी तो निरोप परत परत वाचला, डोळे भरून आले, आणि मग दुकानात जाऊन आणखी आढेवेढे न घेता सगळं विकत घेतलं. दुकानातच जोडून घेतलं, ऑटोत मांडीवर धरून घरी आणलं. बायकोने त्याला कुंकू लावलं आणि अक्षता आत पडू नयेत म्हणून मी मध्ये हात धरला.

मुलीने लांबून एक गाड्यांचा खेळ टाकून दिला. आम्ही दोघांनी तो एकत्र खेळायचा असं ठरलं होतं. माझी गाडी सारखी भिंतीत घुसायची. ती थोडं हसायची, पण बोलायची नाही. भीती होती तसंच झालं. कॉम्प्युटर घरात आला आणि आमचं बोलणं पुन्हा आटलं.

नवतपा लागला. मेच्या शेवटी आमच्याकडे जे भाजून काढणारे नऊ दिवस येतात ते. खोक्याला हात लावला की चटका बसे. हे तिने निवडलेलं, तिच्या शब्दाचं, हे जळलं तर बोलायला तोंड कुठलं? आमच्या शहरात तापलेल्या वस्तूवर एकच उपाय असतो, तिला कूलरसमोर ठेवायची. आम्ही माणसं बसतो, टरबूज ठेवतो, ऊन लागलेल्या पाहुण्याला तिथेच निजवतो. मी खोक्याची बाजूची पाटी काढली आणि उघडा कॉम्प्युटर वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून वारा फेकणाऱ्या कूलरसमोर मांडला. आत हात घालून पाहिलं, गारेगार. इतकी अक्कल दुकानदाराला सुचली नव्हती, असंही मनात आलं.

त्या आठवड्याच्या रविवारी दुपारी खेळ सुरू केला, आणि पडदा काळा झाला. बटण दाबलं, काही नाही.  आधी वाटलं, गुपचूप दुकानात न्यावा, तिला सांगूच नये. पण मग तिच्याशी बोलणार काय? मी व्हिडिओ कॉल लावला. लागला.

"आत दाखवा," ती म्हणाली. "आधी कॉम्प्युटरचा स्विच बंद करा." मी बंद केला आणि फोनचा मागचा कॅमेरा आत धरला. "जवळ न्या. ते पांढरं काय आहे? पाणी आहे का ते?"

आमच्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके सगळीकडे उमटले होते. मी बोटाने एक ठिपका खरवडून पाहिला.

"बाबा, हा घरघर आवाज कशाचा आहे?"

"कूलरचा."

"कुठे आहे कूलर?"

मी कॅमेरा फिरवला.  "बाबा, तुम्ही हे काय करून राहिले?" असं म्हणून ती हसायला लागली. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं. मीही ओशाळून हसलो. "तापत होता. काळजी वाटली म्हणून ठेवला."

तिचं हसणं थांबलं नाही, पण मधेच त्याचा आवाज बदलला. ती रडत होती हे कळायला मला वेळ लागला. मी घाबरून कॅमेरा पुन्हा त्या भागांवर धरला आणि तसाच ठेवला.

"तोही हेच म्हणायचा, बाबा," ती म्हणाली. "काळजी वाटते. रोज माझा फोन बघायचा. कोणाशी बोलली, कुठे गेली. पगार माझ्याकडे दे म्हणायचा, तुला हिशेब जमत नाही. मीही देत होते. मग तुमचा फोन आला तरी त्याला विचारून उचलायला लागले. ते लक्षात आलं त्या दिवशी मी घाबरले, आणि मोडलं."

ती बोलत राहिली आणि मी त्या ठिपक्यांवर फोन धरून उभा राहिलो. हात भरून आला, पण हलवला नाही. माझा चेहरा तिला दिसला असता तर ती थांबली असती. मला त्या मुलाचा संताप आला, आणि त्यातच पेढ्यांचा डबा घेऊन गल्लीत फिरणारा मीही दिसलो.

दारात बायको उभी होती. लोणच्याच्या कैऱ्यांना हळद लावत होती, हात तसेच पिवळे. कधीपासून उभी होती माहीत नाही.

"आई आहे का तिथे?" मुलीने विचारलं.

"आहे."

"तिला द्या."

मी फोन पुढे केला. बायकोने पदराला हात पुसले. सहा महिने जो प्रश्न ओठांवर घेऊन ती माझ्या कानाशी उभी राहिली होती, तो आता येणार म्हणून मी जीव मुठीत धरला. तिने फोन दोन्ही हातांनी धरला.

"थांब वं जरा," ती म्हणाली. "तुझं बोलणं मले नीट ऐकू नाही येऊन राहिलं."

आणि नवतप्याच्या भर दुपारी तिने कूलर बंद केला.