घरटी एक माणूस

"घरात कोणी मोठं माणूस आहे का?"

माझ्याच अंगणात, माझ्यासमोर उभं राहून तो हे विचारत होता. हातात मोजपट्टी, पायांत बूट. माझ्या डोक्यावर शेत भाजायला तोडलेल्या टाळांचा, पाल्याच्या फांद्यांचा भारा. मी अडतीस वर्षांची. आणि मी काय उत्तर दिलं?

"नाही. घरात कोणी नाही."

मीच म्हटलं. कोणी गळा धरला नव्हता. माझी आई असंच म्हणायची, सासूही असंच म्हणायची. बाप्या माणूस घरात नसला की घरात कोणी नसतं, हे आमच्या जिभेवर बसलेलं.

एवढ्यात माझा पोरगा बॅट घेऊन आला. नववीतला. अंधार पडल्यावर मागच्या दारी एकटा जायला घाबरतो. भात हवा तर हाताने वाढून घेत नाही, मला हाक मारतो. त्याला बघून तो बूटवाला हसला.

"हा काय, आहे की! अप्पांनी रविवारी बैठक लावली आहे रे. घरटी एक माणूस. तू ये."

अप्पा म्हणजे खोत. खोती कधीच गेली, पण हेदवीच्या वर, सड्याच्या, म्हणजे कातळी माळाच्या पोटाला असलेल्या आमच्या वाडीची बैठक अजून त्यांच्याच पडवीत भरते. त्यांच्या मुलाने खाली समुद्राच्या अंगाला रिसॉर्ट काढलंय. त्याला पाणी हवं. ते आमच्या झऱ्यावरून पाईप टाकून न्यायचं ठरत होतं आणि हा बूटवाला त्याचंच मोजमाप करत फिरत होता. झरा वाडीचा, म्हणून सगळ्या घरांचा होकार लागणार होता. एप्रिलात त्या झऱ्याखाली एक कळशी भरायला पाऊण तास लागतो. अप्पांना ते ठाऊक असायचं कारण नाही. वाडीतला एकही बाप्या कधी कळशी घेऊन तिथे बसलेला नाही.

घरटी एक माणूस हा नियम मला चांगला माहीत होता. दोन वर्षांपूर्वी वाडीची पाखाडी, चिऱ्यांची पायवाट बांधली, तेव्हाही घरटी एक माणूस काढला होता. नवरा मुंबईला गोदामात. मी गेले. चार दिवस डोक्यावरून चिरे वाहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, बाईमाणूस अर्धं धरतात, तुझे दोनच दिवस झाले. अजून चार दिवस ये. मी गेले. मुकाट्याने गेले, याची आज लाज वाटते.

रविवारी पडवीत सतरंजी घातली होती. माझा पोरगा बाप्यांच्या ओळीत मांडी घालून बसला. त्याच्यापुढे चहाचा कप आला. आम्ही बायका अंगणात, तुळशीपाशी उभ्या. अप्पांचं बोलून झालं आणि माझ्याने राहवेना.

"अप्पा, पाणी खाली नेलंत तर एप्रिलात आम्ही काय प्यायचं?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुझ्या घरचा माणूस इथं बसलाय. तो बोलेल काय ते." मग पोराकडे वळले. "काय रे, आयशीला गप कर. मोठा झालास ना आता?"

पोरगा लालबुंद झाला. इकडेतिकडे बघितलंन आणि म्हणाला, "ए आये, गप ना गो."

पडवी हसली. कोणीतरी त्याची पाठ थोपटली. खोटं कशाला सांगू, पहिला राग मला त्याचाच आला. कानाखाली आवाज काढावासा वाटला. तेवढ्यात अप्पा म्हणाले, होकार असेल त्यांनी हात वर करा. हात वर गेले. त्यांत माझ्या पोराचाही. सकाळीच त्या हाताची नखं कापून घे म्हणून मी ओरडले होते.

मला लोक 'मोठी झाली' म्हणाले ते एकदाच. सहावीत, माहेरी मंडणगडला. पाळी आली आणि मला कोपऱ्यात बसवलं. आमच्यात मुलगी मोठी होते ती तेवढीच. पुढे संसार ओढला, एकटीने शेत लावलं, सासूचं शेवटचं आजारपण काढलं. पुन्हा कोणी मोठी म्हटलं नाही. आणि या पोराला मात्र एका कप चहात मोठा केला.

मी पायरी चढले. 

"हात खाली घे," मी त्याला म्हटलं. "ऊठ."

तो उठला. मी त्याच्या जागेवर बसले. त्याचा अर्धा चहा तिथेच होता.

"आमच्या घरातलं मोठं माणूस मी आहे. मी नको म्हणते."

अप्पांनी नवऱ्याला फोन लावायला सांगितलं. स्पीकरवर. सगळे कान देऊन. नवरा म्हणाला, "अप्पा म्हणतील तसं."

"ऐकलंस?" अप्पा म्हणाले.

"ऐकलं. तो मुंबईच्या नळाचं पाणी पितो, अप्पा. इथं कळशी मी भरते."

अप्पा उठून आत गेले. बैठक मोडली.

माझ्यामागून एकही बाई पायरी चढली नाही. परत येताना शेजारची काकी कुजबुजली, "केलंस ता बरा नाय केलंस गो." नवऱ्याचा त्यानंतर फोन नाही. पोरगा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या हातात कळशी दिली. "मोठं व्हायचंय ना? भरून आण." तास झाला, सव्वा तास झाला, तेव्हा आला. अर्धी कळशी वाटेत सांडलेली. कळशी उतरवून ठेवलीन. मी पाठ थोपटली नाही.

पाईप अजून खोतांच्या अंगणात पडून आहेत. काल बूटवाला पुन्हा आला. माझ्या खांद्यावरून घरात डोकावत म्हणाला, "परवा बैठक आहे. पोराला सांग."

"पोराचं काय काम? मोठं माणूस मी आहे. निरोप मला सांग."

तो माझ्याकडे वळला. मग घसा खाकरून सगळं पहिल्यापासून सांगितलंन. मी ऐकून घेतलं.

परवा जाणार आहे. तुळशीपाशी उभी राहणार नाही. सरळ पडवीत जाऊन सतरंजीवर बसेन, आणि झऱ्याचं पाणी खाली जायचं नाही हे ठरेपर्यंत उठणार नाही.