लॉबीतली शुद्ध हवा

"थांबा, हलू नका," असं म्हणून आमचे सेफ्टीचे सर समोरच्याच्या खांद्यावरचा तंतू चिमटीत उचलत आणि उजेडाकडे धरत. "लांब आहे. हा छातीत शिरला की मुक्कामालाच राहतो." आखूड निघाला तर माणसाला सोडून देत. चाकणच्या आमच्या कंपनीत भट्ट्यांना गुंडाळायच्या काचेच्या लोकरीच्या गाद्या बनतात. तुम्ही आला असतात तर तुमचाही खांदा त्यांनी तपासला असता.

कटिंग शेडमध्ये हे तंतू दिवसभर हवेत तरंगत. तिथे धूळ ओढणारा पंखा बसावा म्हणून सर मॅनेजरांच्या मागे लागले. "पुरावा द्या," मॅनेजर म्हणाले. मग सरांनी भांडून एक मशीन आणवलं. त्याच्या नळीतून हवा जाते, विजेच्या ओढीने लांब तंतू कडेला खेचले जातात आणि आखूड सरळ पुढे निघून जातात. लांब फार झाले की भोंगा वाजतो.

मशीन आलं आणि लॉबीत सोफ्याशेजारी बसलं. "एवढी महागाची वस्तू धुळीत ठेवता का राव?" मॅनेजर म्हणाले. लॉबीत एसी आणि प्लास्टिकची झाडं. भोंगा कशाला वाजतोय! पाहुण्यांसाठी पाटी मात्र लागली, 'आमची हवा शुद्ध'.

खंडेनवमीला मॅनेजरांनी मशीनची साग्रसंगीत पूजा केली, कापसाचं वस्त्र नेमकं नळीच्या तोंडावर वाहिलं आणि आरती सुरू असताना बटण दाबलं. भोंगा बोंबलला. मॅनेजर इतके हादरले की दिवाळीआधी पंखा बसला. लॉबीत.

आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. "आणि शेड?" त्यांनी विचारलं. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी सरच निवृत्त झाले. निरोप समारंभ लॉबीत होता. सरांनी कटिंगच्या बायकांना कामावरून थेट तिथे बोलावलं. मोशीच्या मावशी दारातच थबकल्या. "आमी हितं कशाला वो सर? फरशी घाण व्हईल."

"या मावशी. तुमच्यासाठी मागितलेला पंखा आहे. दोन श्वास घ्या."

बायका आत आल्या आणि भोंगा सुरू झाला. सरांनी मॅनेजरांकडे नुसतं पाहिलं. पुरावा पेढ्याची वाट बघत उभा होता.

"अहो, यांना आधी बाहेर न्या!" मॅनेजर ओरडले. "मशीन खराब होईल!"

सरांनी पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि गळ्यातल्या हारासकट बायकांबरोबर बाहेर पडले. मला रडूच आलं. मीही मागोमाग गेलो. शेडच्या दारात पेढे वाटून झाले, तसा सरांचा हात सवयीने मावशींच्या एप्रनकडे गेला. एक तंतू उचलला, मग दुसरा.

"ऱ्हाऊ द्या सर," मावशी म्हणाल्या. "उद्यापास्नं कोण येचणार हाय?"