गोलसमोरचा खड्डा

गोव्यात चोपड्याला आमच्या मुलींना फुटबॉल शिकवणारे कोच वीस वर्षं वास्कोत गोलकीपर होते. अडवलेले बॉल त्यांना आठवत नाहीत, खाल्लेले गोल मात्र सगळे आठवतात. रोज सरावाआधी ते फावड्याने गोलसमोरचा खड्डा बुजवतात. म्हणतात, "गोलकीपराच्या पायांनी पडता, गोलकीपरानंच बुजवचो." मला ते जरा खुळंच वाटायचं.

परवाच्या सामन्यात गोलकीपर असलेल्या माझ्या लेकीच्या पायांमधून बॉल गेला आणि आम्ही हरलो. "मी आता खेळणार नाही," ती रडत म्हणाली. कोच तिच्या शेजारी मातीत बसले.

"बाय, वास्कोक माझ्याय पायांतसून असोच गेल्लो. दुसऱ्या दिसा मी परत थंयच, गोलात उबो."

काल ते फावडं घेऊन आले, तर खड्डा आधीच बुजलेला. लेक मातीने माखलेल्या हातांनी गोलमध्ये उभी होती. त्यांनी फावडं खांबाला टेकवलं आणि बॉल उचलला.