‘येते’ न म्हणता

कॅनडात, कोक्विटलामच्या आमच्या बेसमेंटमध्ये बसून मी एक ऑनलाइन गट चालवते. मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या, प्रांतभर विखुरलेल्या समुपदेशकांचा. त्यांनी एकमेकांना आधार द्यावा, ही वरिष्ठांची इच्छा. प्रत्यक्षात कित्येक महिने तिथे वेबिनारच्या जाहिराती आणि त्यांवर अंगठे. सोमवारच्या बैठकीला सगळे कॅमेरे बंद. मी वैतागून नवऱ्याला म्हणायचे, "याच्यापेक्षा मराठी मंडळाचा ग्रुप बरा. तिथे निदान भांडतात तरी."

मग उत्तरेकडच्या एका छोट्या गावातून एकीने लिहिलं. तिथे या कामाला ती एकटीच. तिच्याकडे येणारं एक मूल गेलं होतं. त्याच्याबद्दल तिने भरभरून लिहिलं होतं आणि शेवटी एवढंच, की शुक्रवार माझा शेवटचा दिवस, मी काम सोडतेय.

मूल ओळखू येईल असं काही लिहायचं नाही, हा गटाचा नियम. एवढ्याशा गावात तर सगळंच ओळखू येतं. इतक्या महिन्यांत कुणीतरी मनापासून लिहिलं आणि ते पुसायचं काम माझ्या वाट्याला आलं. फार राग आला. पुसलं आणि लगेच तिला फोन केला.

"आय नो. यू हॅड टू," ती म्हणाली.

आमच्याकडे कुणी गेलं की माणसं भेटायला येतात. बसतात. बोलतातच असं नाही, आणि उठताना ‘येते’ म्हणत नाहीत. मी गटाला कळवलं: आज दुपारी तिच्यासोबत बसू या. कॅमेरे चालू ठेवायचे, मुलाबद्दल काही विचारायचं नाही, जाताना बाय म्हणायचं नाही.

येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. एकीने पार्किंगमध्ये गाडीतूनच कॅमेरा लावला होता. एकजण विणत बसला. ती खूप रडली आणि कुणीही तिची समजूत घातली नाही. कामाची वेळ होईल तसा एकेक चेहरा मुकाट्याने निघून गेला.

उरलो आम्ही दोघी. राहशील का, हे अगदी ओठांवर आलं होतं. विचारायची भीती वाटली.

तिने डोळे पुसले. जाताना काही म्हणायचं नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

"सी यू मंडे," ती म्हणाली.